मातृत्वाचा भार आणि सरकारी तिजोरी
(म्हैसूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



म्हैसूर शहराच्या मंडी मोहल्ल्यात होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय नावाचे जुने मिशन रुग्णालय आहे. तेथे जन्मलेल्या बालकांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांच्या नोंदी १९३४ सालापासून जपून ठेवलेल्या आहेत. पुढे पन्नास-साठ वर्षांनी या वह्या संशोधकांच्या हाती आल्या. १९३४ ते १९५४ या काळात येथे जन्मलेल्या आणि अद्याप परिसरातच राहणाऱ्या ५१७ स्त्री-पुरुषांची त्यांनी तपासणी केली आणि १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. जन्माच्या वेळी ज्यांचे वजन साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो, किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यापैकी ११ टक्के लोकांना हृदयविकार जडलेला आढळला. सात पौंड किंवा अधिक वजनाने जन्मलेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. सर्वाधिक, म्हणजे २० टक्के, प्रमाण आढळले ते ज्यांचे स्वतःचे जन्मवजन कमी होते आणि ज्यांच्या मातेचे वजनही गरोदरपणात ४५ किलोपेक्षा कमी होते, अशा लोकांत.

एका अभ्यासाने कार्यकारणभाव संपूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु त्याने दाखविलेली दिशा दुर्लक्षिण्याजोगी नाही. गरोदर स्त्रीच्या ताटात जे वाढले गेले नाही, त्याची किंमत तिचे अपत्य वयाच्या पंचेचाळिशीत, पन्नाशीत मोजत असते. ती किंमत त्याचे कुटुंब मोजते, त्याचा कारखाना मोजतो आणि शेवटी सरकारी रुग्णालयही मोजते. मातृत्व हा एका घराच्या चार भिंतींतला खाजगी मामला आहे, ही समजूत म्हैसूरच्या या नोंदवह्यांपुढे टिकत नाही. आणि एकदा ही गोष्ट मान्य केली की पुढचा प्रश्न अटळपणे उभा राहतो: या काळात स्त्रीला लागणारी विश्रांती, सकस आहार आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च कोणी उचलावा?

शंभर वर्षांचा जुना वाद

हा प्रश्न नवा नाही. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आपल्या तिसऱ्याच ठरावनाम्यात मातृत्व-संरक्षणाचे तत्त्व मान्य केले होते. बाळंतपणाच्या रजेतील भत्ता सार्वजनिक निधीतून किंवा विमा-व्यवस्थेतून द्यावा, असे त्यात स्पष्ट नमूद होते. हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने त्याला मान्यता दिली नाही. १९२४ साली कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मातृत्व साहाय्याचे विधेयक मांडले; तेही फेटाळले गेले.

त्यानंतर १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात असेच विधेयक आले. त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण आजही प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावे असे आहे. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. आणि ज्याअर्थी ते राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याअर्थी त्याचा भार मुख्यतः सरकारने वाहिला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. तोवर मालकावर भार टाकणे अन्यायाचे नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा नफा आहे, असे प्रतिपादन करून त्यांनी विधेयकास पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. या देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा. म्हैसूर संस्थानानेही पुढे याच वाटेने कायदा केला. याच संस्थानाने १९३० साली सरकारी रुग्णालयांतून संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला होता. म्हणजे स्त्रीच्या आरोग्याची काही जबाबदारी राज्यसंस्थेवर आहे, हा विचार या शहराला नव्वद वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

तथापि मुंबईच्या कायद्यात भार पडला तो केवळ मालकावर. परिणाम काय झाला? गिरण्यांतील स्त्री-कामगारांचे प्रमाण पुढील दशकांत सतत घटत गेले. त्याला रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांचे नवीकरण हीही कारणे होती. परंतु बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागेल म्हणून बाईला कामावर न ठेवण्याची वृत्ती मालकवर्गात त्या काळापासून आहे, हे कामगार चळवळीने जवळून पाहिलेले सत्य आहे. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा याच मार्गाने गेला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह होती, पण खर्च पुन्हा एकट्या आस्थापनेवरच राहिला. हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा ठरावनामा मात्र सांगतो की, हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर टाकू नये. त्यामागील हेतू मालकाला सूट देण्याचा नाही. स्त्रीची नोकरी वाचविण्याचा आहे.

कायद्याच्या उंबरठ्याबाहेर

या सर्व कायद्यांचा लाभ कोणाला? जिचे नाव हजेरीपटावर आहे तिला. हुणसूर आणि पिरियापट्टण तालुक्यांत तंबाखूची पाने तोडणारी, काठ्यांवर बांधणारी बाई, एच. डी. कोटे तालुक्यातील हाडीतून कोडगूच्या कॉफीमळ्यांवर रोजंदारीला जाणारी जेनु कुरुब आदिवासी स्त्री. म्हैसूरच्या वस्त्यांत नगावर उदबत्त्या वळणारी कामगार. यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. देशातील कष्टकरी स्त्रियांपैकी फार मोठा हिस्सा असा असंघटित आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' कापला जातो. पोट सहाव्या महिन्याचे असो की आठव्या, मोळी डोक्यावर चढतेच. हंगामात ही स्त्री कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकातील कारखान्यावर असते. तिची अंगणवाडीतील नोंद मात्र गावी राहिलेली असते. विश्रांतीचा सल्ला देणारा फलक तिने वाचला, तरी तो अमलात आणण्याइतके पैसे तिच्या पदरात नसतात. सल्ला आणि विश्रांती यांच्यामधले अंतर मजुरीने भरून निघते. रोख साहाय्याची गरज येथून निर्माण होते.

बांधकाम कामगारांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामावर एक टक्का उपकर बसविला आणि कल्याण मंडळे स्थापन झाली. त्या निधीतून कर्नाटकात नोंदणीकृत स्त्री-कामगाराला बाळंतपणासाठी केंद्रीय योजनेच्या कित्येक पट साहाय्य मिळू शकते. उलट विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ पासून गोळा होणारा उपकर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना रद्द झाला आणि त्या निधीचा झराच आटला. हक्क कागदावर किती सुंदर लिहिला आहे, याहून त्यामागे निधीचा निश्चित स्रोत आहे की नाही, ही गोष्ट निर्णायक ठरते.

हक्क कसा आकुंचित झाला

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मातृत्व लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील स्त्रीला ३०० रुपये मिळत. पुढे ते ५०० झाले. २००५ साली ही योजना जननी सुरक्षा योजनेत विलीन करण्यात आली. नव्या योजनेचा भर रुग्णालयात प्रसूती घडविण्यावर होता. आहाराचा विचार मागे पडला. ऑक्टोबर २०१० मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना देशातील निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात आली.

खरे वळण आले ते २०१३ साली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मातृत्व लाभ देण्याचे बंधन सरकारवर घातले. सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी आणि ज्यांना अन्य कायद्याने असा लाभ मिळतो त्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. कायद्यात पहिले अपत्य, दुसरे अपत्य असा भेद नव्हता. परंतु 'केंद्र सरकार आखील त्या योजनांच्या अधीन' अशी शब्दयोजना त्याच कलमात होती. याच फटीतून पुढे हक्काचा संकोच झाला.

३१ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांनी गरोदर स्त्रियांना ६,००० रुपये देण्याची घोषणा केली. प्रत्यक्षात १ जानेवारी २०१७ पासून अमलात आलेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत रक्कम होती ५,००० रुपये, तीही फक्त पहिल्या जिवंत अपत्यासाठी आणि तीन हप्त्यांत. उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळून 'सरासरी' ६,००० होतील, असे स्पष्टीकरण देण्यात आले. कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांत जननी सुरक्षा योजनेचा दर ग्रामीण स्त्रीसाठी ७०० आणि शहरी स्त्रीसाठी ६०० रुपये असा ठरलेला होता. बेरीज कोणीही करून पाहावी: म्हैसूर तालुक्यातील खेड्यात ५,७००, म्हैसूर शहरात ५,६००. 'सरासरी'च्या आड कायद्याची किमान रक्कमसुद्धा पुरी होत नाही.

१ एप्रिल २०२२ पासून योजनेचे रूप बदलले. पहिल्या अपत्यासाठी ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते झाले. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळू लागले. पतीच्या आधार कार्डाची सक्ती गेली, ही चांगली गोष्ट झाली. एकट्या मातांची त्यामुळे सोय झाली. परंतु या नव्या तरतुदीचा अर्थ नीट समजून घ्यावा. गर्भाचे लिंग जाणून घेणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणजे दुसऱ्या गरोदरपणात त्या स्त्रीला एक पैसाही मिळणार नाही, आणि मुलगा झाला तर नंतरही मिळणार नाही. मुलीचे स्वागत हा हेतू स्तुत्य असेल. पण गरोदर स्त्रीच्या पोटातील भूक गर्भाचे लिंग पाहून कमी-जास्त होत नाही. पहिल्या खेपेलाही प्रसूतीपूर्वी हाती येणारी रक्कम फार तर ३,००० रुपये आहे. उरलेले पैसे बाळाची जन्मनोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी झाल्यावर. गर्भाच्या वाढीचा काळ तोवर संपलेला असतो.

आकडे काय सांगतात

२०२५-२६ या वर्षासाठी कर्नाटकात ग्रामीण रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये ठरली होती. पाच हजार रुपये म्हणजे साडेतेरा दिवसांची मजुरी. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आठवड्याला सहा दिवस धरले तर १५६ दिवस होतात. त्याच ३७० रुपयांच्या दराने ही रक्कम ५७,७२० रुपये होते. शेतमजूर स्त्रीच्या पदरात त्याच्या नऊ टक्क्यांहूनही कमी पडते. शिवाय २०१३ पासून किरकोळ किंमतींचा निर्देशांक दीडपटीहून अधिक चढला. कायद्यातील ६,००० हा आकडा मात्र जागचा हलला नाही.

२०१७-१८ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी २,७०० कोटी रुपयांची तरतूद होती. देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास किंवा त्याहून अधिक बालके जन्मतात. वगळण्याजोग्या स्त्रिया वजा करून दोन कोटी माता धरल्या, तरी ६,००० रुपये दराने १२,००० कोटी रुपये लागतात; केंद्र-राज्य वाटणी ६०:४० असल्याने त्यात केंद्राचा वाटा ७,२०० कोटींचा येतो. डिसेंबर २०१७ मध्ये साठ अर्थशास्त्रज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून याच कारणासाठी किमान ८,००० कोटींची मागणी केली होती. तरतूदच तोकडी ठेवली की अटी आपोआप वाढतात, कारण अटींनीच अर्जदार कमी करता येतात. 'पहिले अपत्य' ही अट आरोग्यशास्त्रातून आलेली नाही. ती तिजोरीच्या हिशेबातून आली आहे.

पैसा नाही, हे उत्तर तपासून पाहावे लागेल. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारनेच जाहीर केले. देशातील सर्व गरजू मातांचा खर्च या रकमेच्या बाराव्या हिश्शाइतका आहे. सवलत एका दिवसात जाहीर होऊ शकते. मातेचा कायदेशीर हक्क मात्र वर्षानुवर्षे थकतो. तिजोरीची दारे कोणासाठी उघडतात, हे यावरून कळते.

कर्नाटकाचा अनुभव

राज्य सरकारांचीही जबाबदारी तितकीच आहे. २ ऑक्टोबर २०१७ पासून कर्नाटकात 'मातृपूर्णा' योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत गरम जेवण मिळू लागले. २०१८ साली 'मातृश्री' योजना आली: दारिद्र्यरेषेखालील स्त्रीला प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर तीन महिने, दरमहा १,००० रुपये. दरमहा पैसे देण्याची ही कल्पना अगदी योग्य होती, कारण भूकही दरमहाच लागते. पण सरकार बदलल्यावर योजना टिकली नाही. कायद्याचा आधार नसलेल्या योजनेचे आयुष्य मंत्रिमंडळाच्या आयुष्याएवढेच असते.

३० ऑगस्ट २०२३ रोजी याच म्हैसूर शहरात 'गृहलक्ष्मी' योजनेचे उद्घाटन झाले. कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २,००० रुपये देणाऱ्या या योजनेवर वर्षाला २८ हजार कोटींहून अधिक तरतूद झाली. गरीब घरांना तिचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. तथापि शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असते ते बहुधा सासूचे. घरातील गरोदर सून या योजनेत स्वतःच्या नावाने कोठेच नसते. कर्नाटकात वर्षाला दहा लाख बाळंतपणे धरली, तर प्रत्येकीला ६,००० रुपये देण्यास ६०० कोटी लागतील. १२,००० द्यावयाचे तर १,२०० कोटी. गृहलक्ष्मीच्या खर्चाशी तुलना केली तर ही रक्कम पाच टक्क्यांहूनही कमी भरते. म्हैसूरने ज्या योजनेचा शुभारंभ पाहिला, तिच्या शेजारी हा दुसरा हक्क उभा करणे कोणत्याही दृष्टीने अशक्य नाही.

शेजारच्या तमिळनाडूत १९८७ पासून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची मातृत्व साहाय्य योजना चालते. ३०० रुपयांपासून सुरू झालेली रक्कम २००६ साली ६,०००, २०११ साली १२,००० आणि पुढे वस्तुरूप साहाय्यासह १८,००० रुपयांपर्यंत वाढली. सत्तेवर दोन्ही पक्ष आलटून-पालटून आले, पण योजना बंद पडली नाही. लोकांनी ती आपला हक्क म्हणून स्वीकारली, म्हणूनच हे घडले.

आक्षेपांना उत्तर

पैसे दिल्याने लोकसंख्या वाढेल, असा एक आक्षेप घेतला जातो. सर्वाधिक साहाय्य देणाऱ्या तमिळनाडूतच प्रजननदर १.८ इतका खाली आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखविले आहे. पाच-सहा हजार रुपयांसाठी कोणी मूल जन्माला घालत नाही. असे मानणारा मनुष्य मूल वाढविण्याचा खर्च कधी स्वतः करीत नसावा.

नवरा पैसे दारूत उडवील, हा दुसरा आक्षेप. काही घरांत तसे घडतेही. त्यावर उपाय म्हणजे पैसे स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात भरणे आणि अंगणवाडीचे जेवण चालू ठेवणे. अन्न की रोख, असा झगडा लावण्याचे कारण नाही. जेवण एका वेळचे पोट भरते. बुडालेली मजुरी, रुग्णालयाच्या खेपा, औषधे यांना रोख पैसाच लागतो.

तिसरा आक्षेप असा की, मातामृत्यू कमी झाले, आता गरज काय? २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७, कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ होते. म्हणजे केरळात जे साध्य झाले, ते कर्नाटकात व्हावयाचे होते. शिवाय २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. मृत्यू टळला म्हणजे आरोग्य लाभले असे होत नाही. म्हैसूरच्या त्या नोंदवह्या नेमके हेच सांगतात.

मागण्या आणि कार्य

या विवेचनातून पुढील मागण्या निघतात. पहिली: अन्न सुरक्षा कायद्यातील हक्क प्रत्येक गरोदरपणाला, अपत्याचा क्रम वा लिंग न पाहता, पूर्णपणे लागू करावा. दुसरी: रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडावी आणि किमान मजुरीच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने वाढवावी. तिसरी: निम्म्याहून अधिक रक्कम प्रसूतीपूर्वीच, शक्य तर मासिक हप्त्याने, हाती पडावी. चौथी: स्थलांतरित स्त्रीला ती जेथे काम करते तेथील अंगणवाडीत नोंद करता यावी. पाचवी: अर्ज भरणे, कागद जमविणे, खाते जोडणे हे सारे काम ज्यांच्या शिरावर पडते, त्या अंगणवाडी सेविकांना व आशा कार्यकर्त्यांना कामगाराचा दर्जा आणि वेतन मिळावे. सहावी: अर्थसंकल्पातील तरतूद अपेक्षित मातांच्या संख्येवरून ठरावी, तरतुदीवरून मातांची संख्या ठरू नये.

या मागण्या केवळ निवेदनांनी मान्य होणार नाहीत. प्रत्येक शाखेने आपल्या गावात, वस्तीत, वाड्यात या वर्षी किती स्त्रिया गरोदर आहेत, किती जणींचा अर्ज भरला गेला, किती जणींना पहिला हप्ता मिळाला आणि कोणत्या कारणाने अडला, याची साधी यादी करावी. अशी यादी हाती असली म्हणजे तहसील कचेरीसमोरचे धरणे घोषणांवर थांबत नाही; अधिकाऱ्याला नावानिशी उत्तर द्यावे लागते. शेतमजूर संघटना, स्त्री संघटना आणि अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटना यांनी हे काम एकत्र केले पाहिजे. कारण अर्ज भरणारी आणि अर्ज घेणारी या दोघींनाही एकाच तोकड्या तरतुदीचा फटका बसतो.

१९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात जे तत्त्व मांडले गेले, ते २०१३ साली कायद्यात आले. त्याला ८५ वर्षे लागली. कायद्यातून ते मातेच्या ताटापर्यंत पोचण्यास आणखी एक पिढी जाऊ देता कामा नये. आज जी बाई तंबाखूच्या शेतात वाकलेली आहे, तिच्या पोटातील बाळ योजनेच्या पुढील फेरविचाराची वाट पाहणार नाही. त्याच्याजवळ नऊ महिनेच आहेत.